लग्न उरकून येते

॥ श्री ॥
यादोगोपाळ पेठ, सातारा
१५ मे १९९४

चि. नरहरीस अनसूयेचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्न झालं. निर्विघ्न पार पडलं म्हणून देवापुढे साखर ठेवायची आणि तुझ्या नावानं बोटं मोडायची, ही दोन्ही कामं आज एकदमच करतेय. अरे, सख्खा मामा तू! मुलीला बोहल्यावर आणायचं मामानं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं, आणि आमचे मामासाहेब सांगलीत! ऐन वेळी कुंडलच्या दामूला पुढे केलं. चुलत का असेना, मामाच तो. पण त्याचं धोतर शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत टिकतं की नाही, या काळजीनं मला धड अक्षता टाकता आल्या नाहीत. व्याह्यांनी विचारलंच, मुलीचे मामा कुठं दिसत नाहीत म्हणून. विहीणबाई नुसत्या बघत राहिल्या. पुण्याची माणसं, ती बघतात तेच पुरे असतं.

ह्यांनी मला गुरुवारी सांगितलं की तुझा फोन आला होता, नानांना बारीक ताप आहे आणि त्यांना टाकून कुणालाच निघता येत नाही. अरे, इंदू थांबली असती की. तू पहाटेच्या गाडीनं येऊन, दोन घास खाऊन, संध्याकाळच्या गाडीनं परतला असतास. ताप काय, नानांना दर उन्हाळ्यात येतो. आंबे खातात, वर पाणी पितात आणि मग तुझ्यावर ओरडतात.

त्यांना सांग, हळद फार सुंदर चढली. चैत्रातच त्यांनी डबा पाठवला होता आणि वर शेजारच्या लालासाहेबांकरवी निरोप, की बाजारची पुडी आणलीस तर गाठ माझ्याशी आहे. हळकुंडं स्वतः निवडलेली, स्वतः कुटवून घेतलेली, मलमलीतून चाळलेली. बायका विचारत होत्या कुठली म्हणून. मी म्हटलं, माझ्या वडिलांचा जन्म गेलाय सांगलीच्या हळदबाजारात, माल वासावरून ओळखतात ते. निघताना अपूर्वा माझ्या गळ्यात पडून रडली, पण तोंडात आपलं आजोबा आले नाहीत, आजोबा आले नाहीत. मला क्षणभर हेवाच वाटला.

तर आता ऐक. येत्या रविवारी, बावीस तारखेला, जोडप्याला घेऊन आम्ही नानांच्या पाया पडायला येतोय. नानांचे लाडू वेगळे काढलेत. गोड खायला डॉक्टरनं मनाई केलीय ते मला ठाऊक नाही, असं समज.

नानांना माझा नमस्कार सांग. इंदूस व निमिषला आशीर्वाद. माझा राग दोन दिवसांचा असतो हे तुला माहीत आहे. लोभ मात्र जन्माचा आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
अक्का


गावभाग, सांगली
१७ मे १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. शेजारचे लालासाहेब स्वतः घेऊन येताहेत. तू वाचून होईपर्यंत उठायचं नाही, असं त्यांना सांगितलंय. भाऊजी घरात असतील तर त्यांनाही बोलावून घे आणि मग पुढचं वाच.

अक्का, नाना गेले. बुधवारी, अकरा तारखेला सकाळी. ताप बारीक नव्हता. आदल्या आठवड्यात छातीत कफ धरला, तो काही सुटला नाही. दवाखान्यात न्यायला त्यांनी नकार दिला, तुला त्यांचा नकार माहीत आहे. दुपारी कृष्णाकाठी सगळं आटोपलं.

तुला का कळवलं नाही तेही लिहितो. गुरुवारी तुमच्याकडे देवक बसायचं होतं. एकदा देवक बसलं की सुतकाची अडचण येत नाही म्हणतात. नाना त्याच्या आदल्या दिवशी गेले. लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, आणि तेही कळल्यापासून. म्हणजे तुझ्या कानावर घातलं असतं तर शुक्रवारचं लग्न राहिलं असतं. भरल्या मांडवातून मुलीचं लग्न मागं फिरलं असतं तर त्या लोकांनी पोरीचा पायगुण काढला असता. म्हणून गुरुवारी मी भाऊजींना फोनवर नुसता ताप आहे एवढंच बोललो. तेही खरं धरून चालले. हा निर्णय माझा एकट्याचा आहे, इंदूचाही नाही.

नानांनाही हेच आवडलं असतं, असं मी मनाशी धरून चाललोय. तुझं परवाचं पत्र आलं आणि मग गप्प बसणं शक्य नव्हतं. रविवारी तुम्ही हसत दारात उभे राहिला असतात.

दहावा शुक्रवारी, तेरावा सोमवारी. तुला त्या आठवड्यात यायला जमलं नाही हे मी समजून घेतलंय. आता तरी ये.

अपूर्वाला तूच सांग. भाऊजींस नमस्कार. कृपा कमी करू नये.

तुझा,
नरहरी


सातारा
३० मे १९९४

चि. नरहरीस आशीर्वाद.

तेराव्याला आले आणि तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही, ते मुद्दामच. तोंड उघडलं असतं तर पंगतीत तमाशा झाला असता आणि नानांच्या तेराव्याला तो शोभला नसता. आता घरी येऊन आठवडा झाला. आता लिहिते.

लालासाहेबांनी पत्र पुढं केलं तेव्हा मी आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होते. पत्र हातात देण्याआधी ते म्हणाले, आदी पाणी प्या अक्का, मग वाचा. त्या माणसाला कळलं की मला आधी पाणी लागेल. सख्ख्या भावाला सहा दिवस काही कळलं नाही. माझे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरलेले. बुधवारी दुपारी मी ओसरीवर बसून त्याच बांगड्या भरून घेत होते. कासाराशी हुज्जत घालत होते, बाया खिदळत होत्या. तेव्हा तू माझ्या बापाला खांदा देत होतास. शुक्रवारी विहिणीच्या पंगतीत मी उखाणा घेतला, त्यात सांगलीचं नाव गुंफलं, नानांचं नाव घेऊन गोपाळकृष्णाची लेक म्हणवून घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नरू, मी त्या पंगतीत दोनदा श्रीखंड घेतलं. 

आणि तू लिहितोस, नानांनाही हेच आवडलं असतं. त्यांना काय आवडायचं ते मला सांगू नकोस.

आई गेली तेव्हा तू शेंबडा पोर होतास, तुला काही आठवत नसेल. त्यांना दुसऱ्या लग्नासाठी किती जणांनी गळ घातली. मिरजेच्या आत्या तर मुलगी घेऊनच आल्या होत्या. नानांनी तिला जेवू घातलं, ओटी भरायला लावली आणि परत पाठवलं. मला वेणी घालता यावी म्हणून खिडकीच्या गजाला काथ्याची दोरी बांधून बसायचे आणि तीन पेडांचा सराव करायचे. पहिले कित्येक महिने माझी वेणी दोरखंडासारखी कडक असायची, शाळेत पोरी हसायच्या. मी रडले तर म्हणाले, उद्या सैल घालतो, पण रडून पाहुण्यांसारखी बसू नकोस, चूल पेटव. रागीट होते, मिठाचा खडा जास्त पडला तर ताट सरकवायचे. मी त्यांना देव करत नाहीये.

अपूर्वाच्या वेळी माझ्या सासूबाईंनी टोमणा मारला की माहेरी बाई नाही तिथं बाळंतपण कोण करणार. नाना बैठकीत बसले होते. म्हणाले, मी करीन. सगळ्या गावभागानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. अंबूबाई सुईण चार दिवस आली, पाचव्या दिवशी तिच्याशी भांडण केलं, की तू लेकराला आपटतेस. मग स्वतःच पाटावर बसले, धोतर गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय लांब करून. अपूर्वाला नडग्यांवर घेतलं, कोपरानं पाणी पाहिलं, डाळीचं पीठ लावलं, धुरी दिली. माझी शेगडी, माझे डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, सगळं. दुपारी बाजारात जायचे तेव्हा अंगाला वेखंडाचा वास. अडत्यांनी चिडवलं तर म्हणायचे, लेकीचं करतोय, चोरी नाही करत.

आणि एवढा जीव लावणारा माणूस माझ्या घरी एक रात्र राहिला नाही. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं. अपूर्वा होईपर्यंत तर इथलं पाणीही घेतलं नाही. म्हणजे त्यांना बघायचं तर मलाच यायला हवं होतं. आणि तू मला येऊ दिलं नाहीस.

आमच्या गुरुजींना मी काल विचारलं. ते म्हणाले, अशा वेळी शांती करून लग्न लावता येतं, शास्त्रात सोय आहे, मला विचारायचं होतं. पण विचारायला गेलं तर बभ्रा होणार, म्हणून तू विचारलंही नसशील. आपल्याकडे शास्त्राला जेवढं भितात तेवढं कुणी ते विचारत नाही.

एकच सांग. शेवटी त्यांना शुद्ध होती का? माझं नाव काढलं का? तेवढं कळलं की मी तुला पुन्हा लिहिणार नाही.

इंदूस आशीर्वाद. लोभाचं तू बघ.

अनसूया


सांगली
१४ जून १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पंधरा दिवस कपाटावर ठेवून दिलं होतं. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण इंदूनं ते वाचलं आणि म्हणाली, गप्प बसलात तर तुम्हीच खोटे ठराल.

तू मला नाना सांगतेस. तू सासरी गेलीस त्याच्यापुढचे नाना कुणी सांभाळले? माझ्या वाट्याला रोजचे नाना आले, तुझ्या वाट्याला सणाचे. तू यायचीस तेव्हा ते दाढी करून, स्वच्छ सदरा घालून कट्ट्यावर बसायचे. तुझी रिक्षा वळली की आम्हाला म्हणायचे, आली माझी. मी रोज संध्याकाळी घरी यायचो, मला कधी कुणी आला माझा म्हटलं नाही. चहात साखर कमी, आंघोळीचं पाणी गार, रेडिओ बारीक, सगळं माझ्यामुळे. तक्रार करत नाही. निमिषसाठी त्यांनी केलं तेवढं मी बाप असून केलं नाही. त्याच्या शाळेचा पहिला दिवस होता तेव्हा शाळेसमोर सुटेपर्यंत उन्हात बसून राहिले, पोरानं मागं वळून पाहिलं तर कुणीतरी दिसायला हवं म्हणून. कृष्णेत त्याच्या कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलं, तेही सत्तरीत. शेवटची दोन वर्षं गुडघे गेल्यावर मीच त्यांना न्हाऊ घालायचो. पाटावर पाय लांब करून बसायचे आणि ओरडायचे, की तुला धड पाणीही पाहता येत नाही. त्यांनी मला काही दिलं नाही असं नाही. पण आली माझी हे शब्द फक्त तुझे होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शुद्ध होती, शेवटपर्यंत होती. आणि नाव काढलं का विचारतेस? शनिवारपासून त्यांनी दुसरं काही काढलंच नाही. अनू आली का, अनूला कळवलं का, अनूची गाडी कितीची. मी तीन फोन केले तुझ्या घरी. रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी. मंगळवारी तर डॉक्टरांनी हात टेकले होते. तुझा निरोप मिळाला: लग्न उरकून येते.

म्हणून मी बुधवारी कळवलं नाही. पायगुण, देवक, ते सगळं खरं आहे, पण खरं कारण हे. जिवंत बापाकडे यायला तुला सवड झाली नाही, मग मेलेल्याचं सांगून तुझा मांडव कशाला मोडू, असं माझ्या मनात आलं. हे लिहायचं नव्हतं. तू लिहायला लावलंस.

भाऊजींस नमस्कार. राग मानू नये, कृपा असावी, वगैरे.

नरहरी


सातारा
२० जून १९९४

चि. नरहरीस आशीर्वाद.

मला एकही फोन आलेला नाही. एकही निरोप मिळालेला नाही. आमचा फोन बाहेरच्या खोलीत असतो आणि त्या आठवड्यात मी माजघर आणि बाजार यांच्या बाहेर नव्हते, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल. लग्न उरकून येते, हे वाक्य मी बोललेले नाही. मला बारीक तापाचं कळलं तेच मुळी गुरुवारी.

तू कुणाशी बोललास, काय बोललास, तिकडून काय उत्तर आलं, शब्द न् शब्द लिही. आणि नानांना जाऊन तू काय सांगितलंस तेही. गोड करून लिहू नकोस. पत्र नेहमीच्याच पत्त्यावर टाक. ह्यांच्या हातात पडलं तर पडू दे.

अक्का


सांगली
२६ जून १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी वाचली. इंदूला दिली. तिचं म्हणणं पडलं की आता पुढचं लिहू नका, अक्कांचा संसार आहे. पण तू विचारलंयस, आणि मी एकदा गप्प बसून काय केलं ते दिसतंच आहे.

फोन लालासाहेबांच्या दुकानातून केले. तिन्ही वेळा भाऊजींनी उचलला. रविवारी मी सांगितलं, नाना आजारी आहेत, अक्काची आठवण काढतात, दोन तासांसाठी का होईना पाठवा. ते म्हणाले, ती बाजारात गेलीय, आली की सांगतो. सोमवारी म्हणाले, सांगितलंय, पण घरात एवढं काम पडलंय, बघू. मंगळवारी मी जरा मोठ्यानंच बोललो, की डॉक्टरांनी सांगून टाकलंय, एक रात्र पाठवा, मी स्वतः तिला गाडीत बसवून परत पाठवतो.  ते म्हणाले, तिला सगळं सांगितलंय आणि ती म्हणते, लग्न उरकून येते. मी म्हटलं तिच्याशी बोलू द्या. तर म्हणाले, बायकांबरोबर अक्षत द्यायला गेलीय. मी फोन आपटला.

घरी आलो. नाना उशाला टेकून बसले होते, दाराकडे तोंड करून. त्यांना सांगितलं, अक्का लग्न उरकून येतेय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे अनूनं स्वतः सांगितलं?"

मी हो म्हणालो. भाऊजी म्हणतात, असं सांगायला हवं होतं. तेवढंच मला ठाऊक होतं. पण मी तुझ्यावर चिडलो होतो, आणि त्यांनाही एकदा कळू दे, असंही असेल कुठंतरी.

ते म्हणाले, "बरं. पांघरूण घाल." आणि भिंतीकडे वळून निजले. इंदूनं दूध आणलं, ते नको म्हणाले. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. निमिषचं काढलं, अपूर्वाचं काढलं, आईचंही एकदा काढलं. सकाळी गेले.

गोड केलेलं नाही.

तुझा,
नरहरी


पुणे
१९ ऑक्टोबर १९९४

ती. मामास सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नकोस, मी मजेत आहे. दसऱ्याला तुम्ही कुणी येणार नाही हे माहीत होतं, तरी वाट पाहिली.

मामा, तू आईला समजाव. ती जुलैपासून बाबांशी बोलत नाही. ताट वाढते, कपडे धुते, औषध काढून ठेवते, पण बोलत नाही. मी चार दिवस गेले होते तर घरात नुसता भांड्यांचा आवाज. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलंय. त्यांनी मला सगळं सांगितलं. मला एक सांग, त्यांनी हे स्वतःसाठी केलं का? आई सांगलीला गेली असती तर ती परत आली असती का? आजोबांचे पाय धरून तिथंच बसली असती. मग माझं काय? इकडच्या लोकांना तू ओळखत नाहीस. बाबांनी माझ्यासाठी केलं आणि आता मलाच अपराधी वाटायला लावतात सगळे.

आजोबांचा माझ्यावर केवढा जीव! त्यांना कुणी विचारलं असतं तर तेच म्हणाले असते, आधी पोरीचं लग्न. हे मी आईला म्हटलं तर ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली.

लग्नाचा अल्बम आला. हळदीचे फोटो सगळ्यात छान आलेत. डब्यातली हळद बरीच उरली होती. सासूबाई ती भाजीला वापरतात, आमटीला काय रंग येतो म्हणतात! त्यांना ती फार आवडली, संपली की कुठून मागवायची विचारत होत्या. मामीला नमस्कार, निमिषला गोड पापा. तुमचा आशीर्वाद माझ्या पाठीशी राहू दे, तू तर लग्नात नव्हतास.

तुझी,
अपूर्वा


॥ श्री ॥
सातारा
१८ एप्रिल १९९५

चि. नरहरीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. वैशाख शुद्ध प्रतिपदेला वर्षश्राद्ध, आम्ही दोघांनी यावं, असं लिहिलंयस. दोघांनी लिहिताना तुझा हात थांबला असेल, अक्षर तिथं गिचमिड आहे.

ह्यांना मी जुलैतच विचारलं होतं. नाकारलं नाही. शांतपणे म्हणाले, तू गेली असतीस तर परत आली असतीस का? खरंच नसते आले. त्यांचा हिशेब बरोबर होता आणि माझा संताप त्याचाच आहे. चुकले असते तर क्षमा मागितली असती, मी दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. पेठेत सगळे म्हणतात, मोठ्या धीराचा माणूस, प्रसंग निभावून नेला. लेक म्हणते, बाबांचं काय चुकलं. तूही पहिल्या पत्रात तेच म्हणाला होतास, नानांना हेच आवडलं असतं. माणूस लेकरांवर जीव टाकतो आणि मग जो उठतो तो त्याचंच नाव पुढं करून आपलं काम साधून घेतो. नानांना एकानंही विचारलं नाही. ते तर स्पष्ट सांगत होते, अनूला बोलवा. एवढं साधं मागणं होतं.

तू विचारशील, मग आता पुढे काय. पुढे काही नाही. भाकरी भाजते, वाढते. या वयात कुठं जाऊ? गावभागातलं ते घर आता तुझं आणि इंदूचं, आणि ते तुम्ही नीट सांभाळताय. माझं माहेर होतं ते भिंतीकडे तोंड करून गेलं. सहा महिने मी अबोला धरला, मग एक दिवस ह्यांना घेरी आली तेव्हा नाइलाजानं बोलले. आता कामापुरतं बोलते. त्यांना वाटतं सगळं मिटलं.

तुझ्यावर राग आहे का? आहे. पण तुला निदान झोप येत नाही, असं इंदू सांगते. इथं ह्यांना चांगली येते.

मी श्राद्धाला येणार नाही. येऊन काय करू? तुझ्या ओसरीवर ह्यांच्या शेजारी बसून बायकांना नाना किती प्रेमळ होते ते सांगू? ते मी वर्षभर सांगत आलेय. आता मला ते बोलवत नाही.

तू मात्र एक कर. पिंड झाले, ब्राह्मण जेवले, गच्चीवर कावळ्याचं पान ठेवायला गेलास की तिथं उभा राहून मोठ्यानं सांग. सांग, नाना, अनूला निरोप मिळालाच नव्हता. ती तसं काही म्हणाली नव्हती, मी तुम्हाला खोटं सांगितलं. लाजू नकोस. शेजारीपाजारी ऐकतील तर ऐकू देत, निमिषनंही ऐकू दे. नाना तुझ्यावर आयुष्यभर ओरडले, पण शब्द तुझाच खरा धरायचे. तू हो म्हणालास ते त्यांनी खरं धरलं, तर हेही धरतील.

मी येऊन सांगितलं तर त्यांना ती सबब वाटेल.

इंदूस व निमिषला आशीर्वाद. लोभ असो वा नसो, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
अक्का